कोंडा, पाला आणि तीन तोळे तूप

सुरत शहराच्या उत्तर टोकाला, तापीच्या पलीकडच्या तीरावर कोसाड आहे. मुंबईहून बडोद्याकडे जाणाऱ्या गाड्या सुरत सोडून पूल ओलांडतात आणि थोड्याच वेळात हे छोटे स्थानक मागे पडते. एके काळचे हे खेडे आज महानगराच्या पोटात सामावले आहे. शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या आहेत. मात्र 1930 च्या 1 एप्रिल रोजी शेजारच्या छापराभाठा गावी दांडीयात्रेचा मुक्काम पडला, तेव्हा हा सारा मुलूख ज्वारी-कापसाचा होता. साठ वर्षांचा, हातात काठी घेतलेला एक कृश माणूस याच शिवारातून झपझप चालत संध्याकाळी सुरतेत शिरला.

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण भाग्यवंतालाच लाभते, असे गुजरातेत म्हणतात. तुपात निथळणारी घारी, हिवाळ्यातला उंधियु, कोवळ्या ज्वारीचा पोंक यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात महात्मा गांधी आले, ते दरडोई दिवसाला तीन तोळे तुपाची मर्यादा घालून. यात्रा निघण्यापूर्वीच वाटेतील गावांसाठी त्यांनी जेवणाचा तपशील प्रसिद्ध केला होता. पहाटे राब आणि ढेबरे. दुपारी भाकरी, भाजी आणि दूध किंवा ताक. संध्याकाळी निघण्यापूर्वी भाजलेले चणे. रात्री खिचडी, भाजी आणि ताक किंवा दूध. एक तोळा तूप राबेत, एक भाकरीबरोबर, एक खिचडीत; म्हणजे आजच्या मापाने सुमारे 35 ग्रॅम. स्वतःसाठी त्यांनी मिळाल्यास शेळीचे दूध, मनुका किंवा खजूर आणि तीन लिंबे एवढेच मागितले होते. पक्वान्नांचा खर्च गावाने करू नये, अशी ताकीद होती. ही ताकीद सर्वत्र पाळली गेली नाही. ओलपाड तालुक्यातील भाटगाव येथे 29 मार्चच्या रात्री यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणले गेले. एका मजुराच्या डोक्यावर स्टुलासह जड बत्ती देऊन त्याला पुढे पळवले गेले. गांधीजींनी त्या सभेत स्वतःसह सर्वांना कठोर बोल सुनावले. गरिबांच्या नावाने निघालेल्या यात्रेने गरिबाच्या ताटापेक्षा वरचढ जेवावे, हे त्यांना असह्य झाले होते.

हा आहारपत्रक लिहिणारा माणूस तोवर चाळीस वर्षे स्वतःच्या शरीरावर प्रयोग करीत आला होता. त्यांतले कितीतरी प्रयोग फसले होते आणि एकदोन वेळा ते प्राणावर बेतले होते. गांधीजींच्या राजकीय चरित्राखाली दडलेले हे दुसरे चरित्र कोंड्याचे, पाल्याचे आणि बद्धकोष्ठाचे आहे. चरित्रकार त्याचा उल्लेख काहीशा संकोचाने करतात. स्वतः गांधीजींना असा संकोच नव्हता.

1888 साली ते कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले, तेव्हा मांस न खाण्याची आईला दिलेली शपथ त्यांच्याजवळ होती. खायचे काय याचे उत्तर नव्हते. फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी उपाहारगृहात पोटभर अन्न आणि हेन्री सॉल्ट यांची शाकाहारावरील पुस्तिका एकाच दिवशी हाती आली. शपथ म्हणून सुरू झालेला शाकाहार तेथून विचार म्हणून रुजला. दिवसाला आठ-दहा मैल चालण्याची सवयही तेव्हाची.

लंडनच्या शाकाहारी मंडळातच त्यांचा डॉ. थॉमस ॲलिन्सन यांच्याशी संबंध आला. चाळलेल्या पांढऱ्या पिठाचा पाव हा शरीराचा शत्रू आहे आणि कोंड्यासह दळलेल्या पिठाचाच पाव खावा, असे हे डॉक्टर सांगत असत. पुढे त्यांनी दगडी जात्याची गिरणीच काढली; त्यांच्या नावाचा पाव ब्रिटनमध्ये आजही विकला जातो. मात्र संततिनियमनाचा उघड पुरस्कार केल्यामुळे मंडळाचे अध्यक्ष हिल्स त्यांना मंडळातून काढू पाहत होते. तरुण गांधींना ॲलिन्सन यांची ती मते मान्य नव्हती. पण शाकाहारी मंडळात राहण्याचा शाकाहाऱ्याचा हक्क त्यांना मान्य होता. त्यांनी लेखी निवेदन आणले आणि लाजेने वाचता न आल्यामुळे दुसऱ्याने ते वाचले. बाजू हरली. पुढच्या वर्षी वैद्यकीय परिषदेनेही ॲलिन्सन यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. बहिष्कृत झालेल्या या डॉक्टरांची गाठ गांधीजींना पुन्हा पडायची होती.

दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात चालली आणि ताट भरले. जोहान्सबर्गमध्ये गांधीजींना बद्धकोष्ठाने आणि डोकेदुखीने ग्रासले. अधूनमधून रेचक घेऊन दिवस ढकलले जात. आपण प्रमाणाबाहेर खातो, हे निदान त्यांनी स्वतःच केले. मँचेस्टरमध्ये न्याहारी सोडणाऱ्यांचे एक मंडळ निघाल्याचे वाचून त्यांनी न्याहारी सोडली. डोकेदुखी गेली, बद्धकोष्ठ राहिले. कुन्हे यांचे कटिस्नान झाले, जुस्ट यांच्या पुस्तकातला पोटावरचा मातीचा लेप झाला. घरात सात पौंडांना लोखंडी चाकाचे हातजाते आले. एकट्याला ते जड जाई, दोघांना सोपे. गांधीजी, पोलाक आणि मुले ते ओढीत. कस्तुरबाही हात लावीत. न चाळलेल्या पिठाच्या रोट्या घरीच होऊ लागल्या. दळण्याने व्यायाम आणि खाण्याने चोथा, असा दुहेरी लाभ त्या जात्याने दिला.

कोंड्याने नेमके काय होते, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. धान्याच्या सालीतील तंतू माणसाच्या लहान आतड्यात पचत नाहीत. ते पाणी धरून ठेवतात, मलाला आकारमान देतात, पोट लवकर भरल्याची जाणीव करून देतात आणि तेवढ्याच आकाराच्या घासातून उष्मांक कमी पोचवतात. वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्याला डॉक्टर प्रथम चोथ्याविषयी विचारतात, ते याचसाठी. याच सालीत आणि अंकुरात ब गटातील जीवनसत्त्वे असतात. त्या काळी मात्र पोषणशास्त्र प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि पिष्ट यांच्यापुढे फारसे गेले नव्हते; कोंडा म्हणजे गुरांचे खाद्य. ॲलिन्सनसारखे लोक अनुभवाने जे सांगत होते, त्याला प्रयोगशाळेचा आधार मिळायचा होता.

जीवनसत्त्व या कल्पनेला कासिमिर फुंक यांनी इंग्रजी नाव दिले ते 1912 मध्ये. त्याच वर्षी टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी आणि कालेनबाख यांनी दूध सोडले. गाई-म्हशींचे दूध काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या क्रूर प्रकारांची हकीकत वाचून गांधीजींचे मन उठले होते. दूध मनोविकार चाळवते ही समजूतही होती. शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे आणि ऑलिव्ह तेल यांवर दोघे राहू लागले. हे अन्न स्वस्त होते, भरपूर चोथ्याचे होते आणि काही काळ अंगालाही लागले.

पहिला हिसका 1914 मध्ये बसला. महायुद्ध सुरू होताच गांधीजी लंडनला पोचले आणि तेथे त्यांना फुप्फुसाच्या आवरणाची सूज आली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा तेथेच होते. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले जीवराज मेहता त्या वेळी लंडनमध्ये होते आणि उपचार करीत होते. त्यांनी दूध आणि धान्य घेण्याचा आग्रह धरला. गोखल्यांनी तर विनवणीच केली. गांधीजींनी रात्रभर विचार करून धान्याला होकार आणि दुधाला नकार कळवला. ज्यांना राजकीय गुरू मानले त्या कोकणी ब्राह्मणाची नाराजी त्यांनी पत्करली; गोखल्यांचे ते अखेरचे महिने होते, हे लक्षात घेतले तर हा हट्ट खटकल्यावाचून राहत नाही. मग बोलावणे गेले ॲलिन्सन यांना. त्यांनी कोंड्याचा पाव, बीट, मुळा, कांदा अशा कच्च्या भाज्या, पाला आणि ताजी फळे, मुख्यतः संत्री, खायला सांगितली. खिडक्या चोवीस तास उघड्या ठेवायला लावल्या. थोडा उतार पडला. पूर्ण बरे वाटले नाही. हिवाळा टाळण्यासाठी मायदेशी परतणे भाग पडले.

मायदेशी आल्यावर 1915 च्या हरिद्वार कुंभमेळ्यात त्यांनी आणखी एक व्रत घेतले. चोवीस तासांत पाचापेक्षा अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काहीच नाही. आज वजन उतरवण्याच्या नावाखाली सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जो पुकारा होतो, तो या व्रताचाच धाकटा भाऊ म्हणावा लागेल. जैनांच्या घरी तर तो शतकानुशतके चालत आला आहे.

दुसरा हिसका प्राणांतिक होता. 1918 च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात खेड्याच्या गावोगावी सैन्यभरतीसाठी फिरताना शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू एवढ्यावरच त्यांनी दिवस काढले. शेंगदाण्याचे लोणी अति झाले तर पोट बिघडवते, हे त्यांना माहीत होते. आमांशाचे सौम्य दुखणे सुरू झाले. त्यातच सणाच्या दिवशी कस्तुरबांनी तेलात केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग पुढे ठेवले. त्यांनी तृप्त होईपर्यंत खाल्ले आणि तासाभरात कळा सुरू झाल्या. नडियादला पोचेपर्यंत अवस्था कठीण झाली. दिवसाला तीस-चाळीस वेळा शौचास होऊ लागले. औषध नको, सुई नको, दूध तर नकोच. आपण मरणार अशी त्यांची खात्री झाली होती आणि सहकाऱ्यांचीही.

हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेण्यात आले. तेथील जड पाण्याने गुदद्वाराच्या चिरांचा त्रास इतका वाढला, की आठवड्यातच खाली उतरावे लागले. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले, की दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजींनी व्रताचे कारण पुढे केले. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली, की व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. डॉक्टरांनी तो धागा लगेच उचलला. गांधीजींनी मान तुकवली आणि शेळीचे दूध घेतले. डॉ. दलाल यांनी चिरांची शस्त्रक्रियाही केली. रौलट कायद्याविरुद्ध लढण्यासाठी जगण्याची इच्छा सत्यनिष्ठेवर मात करून गेली, अशी टोचणी त्यांना जन्मभर राहिली. शब्द पाळला आणि अर्थ मोडला, असेच त्यांचे स्वतःविषयीचे मत होते. कस्तुरबांना मात्र ही बोच लागल्याचे कुठे दिसत नाही. आहारशास्त्राच्या चार ग्रंथांना जे जमले नव्हते, ते शिक्षण न लाभलेल्या एका गृहिणीच्या व्यवहारज्ञानाने क्षणात करून दाखवले. गांधीजींच्या पुढच्या एकोणतीस वर्षांच्या आयुष्याचे श्रेय त्या क्षणाला थोडे तरी द्यायला हवे.

तरीही प्रयोग थांबले नाहीत. 1929 च्या मे महिन्यात त्यांनी साबरमतीच्या सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मांडला. मोड आणलेले गहू आणि हरभरे, बदामाचा कल्क, मनुका, मध, लिंबू, कच्ची भाजी. चुलीची कटकट नाही, सरपण नाही, जीवनसत्त्वे जळून जाण्याची भीती नाही. गरिबांच्या देशासाठी हे अन्न वरदान ठरेल, अशी त्यांना आशा वाटत होती. काही आठवड्यांतच वजन उतरू लागले, अशक्तपणा आला, सहकारी एकेक करून गळाले आणि ऑगस्टमध्ये आमांशाने हा खेळ संपवला. या माणसाचे वेगळेपण येथे दिसते. प्रयोगाची सुरुवात जशी त्यांनी ‘यंग इंडिया’त जाहीर केली होती, तसेच अपयशही जाहीर केले. आहाराचे नवे पंथ काढणारे पुष्कळ असतात. आपला पंथ चालला नाही, असे छापून सांगणारे विरळा.

त्यानंतर सुमारे सातच महिन्यांनी दांडीयात्रा निघाली. भाकरी, खिचडी, ताक, चणे आणि मोजके तूप हे पत्रक त्या अपयशानंतरचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातला शहाणपणा कळतो. कच्च्या धान्याचा अट्टहास गेला होता. सालीसकट दळलेले धान्य, शिजवलेली भाजी आणि थोडे दूध, हेच गुजरातच्या शेतकऱ्याचे ताट उरले होते.

याच काळात निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी उंदरांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण चारीत होते. आख्ख्या गव्हाची रोटी, दूध, लोणी आणि भाज्या खाणारे ‘शीख’ उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. सडलेल्या तांदळावरचे ‘मद्रासी’ उंदीर सर्वांत खुरटले. मराठा आहारावरचे मधल्या क्रमांकांत राहिले. वजन वाढणे हीच त्या प्रयोगातली प्रगतीची खूण होती. देशापुढचा प्रश्न तेव्हा खुरटलेल्या शरीरांचा होता, सुटलेल्या पोटांचा नव्हता. गिरणीने साल काढून टाकलेले धान्य गरिबाला अशक्त करते आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्याला स्थूल करते, ही या गोष्टीची दुसरी बाजू देशाला पुढे दिसली.

1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या बरोबरीने मॅककॅरिसन आणि जीवराज मेहता यांची नावे होती. संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले आणि तेथील स्वयंपाकघर ही गांधीजींची नवी प्रयोगशाळा झाली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, साखरेऐवजी गूळ, लाकडी घाण्याचे तेल यांचा प्रचार सुरू झाला. बाजारात मुळा आणि गाजर विकले जाते आणि पाला फेकला जातो, हे पाहून त्यांनी तोच पाला कच्चा खायला घेतला. ‘हरिजन’मधून पाल्याची नावे, प्रमाण, परिणाम यांची चर्चा होऊ लागली. सोयाबीन शिजले, चिंच-कडुलिंबाची चटणी झाली. मगनवाडीच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांची कल्पना करणे कठीण नाही.

हातसडीच्या तांदळाचे हे प्रकरण गोमंतकीय वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भात उकडून मग सडले, की सालीतले ब-1 जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि सडतानाही बरेचसे टिकते. म्हणून तांबड्या उकड्या तांदळाची पेज पिणारा कष्टकरी बेरीबेरीपासून वाचला आणि पांढराशुभ्र भात खाणारे मुलूख त्या रोगाला बळी पडले. गांधीजी ज्याचा प्रचार करीत होते, ते गोव्या-कोकणाच्या रांजणात आधीपासूनच होते. पुढे ते पाहुण्यांसमोर वाढायला लाजण्याची पाळी आली, ही गोष्ट निराळी.

1942 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचे आपले जुने लेखन पुन्हा लिहायला घेतले आणि डिसेंबरात पुरे केले. बैठे काम करणाऱ्यासाठी त्यांनी त्यात दिवसाचे माप दिले आहे. गाईचे दूध दोन पौंड, सर्व धान्ये मिळून सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, शिवाय लिंबू आणि ऐपतीप्रमाणे फळे. धान्य सुमारे 170 ग्रॅम, तर भाज्या एकूण 255 ग्रॅम. धान्यापेक्षा भाजी जास्त! आजच्या मराठी ताटात हे प्रमाण नेमके उलटे असते. पीठ चाळून कोंडा टाकू नये, हा आग्रहही तेथे पुन्हा आला आहे. दीड औंस साखर आजच्या डॉक्टरांना खटकेल आणि तसे खटकणे रास्त आहे.

दुधाला वनस्पतींतून पर्याय शोधण्याची आपली धडपड निष्फळ ठरल्याची कबुलीही त्या लेखनात आहे. त्यांना काय सापडत नव्हते, याचे एक मोठे उत्तर 1948 साली मिळाले. त्या वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ब-12 हे जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले. ते धान्यात, कोंड्यात, पाल्यात नसते. दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. दूधही वर्ज्य करणाऱ्याला आज ते गोळीच्या रूपात घ्यावेच लागते. इतरांसाठी मात्र जीवनसत्त्वांच्या गोळ्या वजन उतरवण्याचे साधन नाहीत. डब्यातून मिळणारा चोथा, मग तो उत्तर गुजरातचा इसबगोल का असेना, पोट साफ करायला मदत करतो, ताटातले तूप आणि साखर कमी करीत नाही.

गांधीजींचे वजन 1939 च्या सुमारास 46.7 किलो आणि उंची 165 सेंटिमीटर नोंदलेली आहे. आजच्या मोजपट्टीने हा माणूस कमी वजनाचा ठरतो. याच काळातल्या नोंदींत त्यांचा रक्तदाब मात्र 190 च्या पुढे आणि 220 पर्यंत गेलेला दिसतो. इतके मोजून खाणाऱ्या, इतके चालणाऱ्या कृश माणसालाही त्या दुखण्याने सोडले नाही.

सुटकेनंतर निसर्गोपचाराचे केंद्र काढायचे ठरले, तेव्हा प्रथम पुणे शहरातील डॉ. दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयाचा विचार झाला. गरिबांसाठीचे केंद्र शहरात असून चालणार नाही, हे लक्षात येताच बेत बदलला. 1946 च्या 22 मार्चला गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे गेले आणि आठ दिवस तेथे राहून रोगी तपासत बसले. कटिस्नान, सूर्यस्नान, फळांचा रस, पथ्य आणि रामनाम हीच औषधे होती. ते गेल्यावर मागे कोण राहणार, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पंचवीस वर्षांचा एक तरुण पुढे आला. मणिभाई देसाई त्याचे नाव. तो सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा. गांधीजी सुरतेत शिरले तेव्हा तो दहा वर्षांचाही झाला नव्हता. त्याने उरुळीत हयात घालवली, मराठी मुलखातच गोपैदाशीचे मोठे काम उभे केले आणि 1982 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळवला. उरुळीच्या आश्रमात आजही माणसे येतात. त्यांतली बरीचशी पुण्या-मुंबईची असतात आणि वाढलेले वजन उतरवायला आलेली असतात.